न रडणाऱ्या बाळांचं घर

काशीतल्या ब्रह्मा घाटावरच्या शास्त्र्यांच्या घरात श्रावणाच्या अखेरीस मुलगी जन्मली, आणि ती रडेना.

अगदीच रडत नव्हती असं नाही. भूक लागली की घोगऱ्या आवाजात जरा कण्हायची, तेवढ्यानंच थकायची आणि तोंडात दूध तसंच ठेवून झोपून जायची. बाराव्या दिवशी तिचं नाव अवनी ठेवलं, तेव्हा बायकांनी कानात कुर्र केलं, पाळणे म्हटले, एकीनं उत्साहाच्या भरात थाळीसुद्धा वाजवली. अवनीनं डोळे उघडले नाहीत.

"काय गुणाची पोर आहे हो, गीताकाकू!" शेजारची मालविका पाळण्यात डोकावून म्हणाली. "आमच्या कार्ट्यानं गल्ली डोक्यावर घेतली होती. पण काय हो, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. मग हिला पाजता तरी केव्हा?"

सगळ्या हसल्या. गीताकाकूही हसल्या, कारण आजीनं बारशाला हसायचंच असतं. पण 'गुणाचं बाळ' हे कौतुक त्यांनी याच खोलीत, याच पाळण्याशी उभं राहून पूर्वी एकदा ऐकलेलं होतं. ते गुणाचं बाळ आता चाळिशी ओलांडून बाहेर ओट्यावर बसलं होतं, भाद्रपदातल्या घामट उकाड्यात लोकरीचा स्वेटर घालून.

प्रसन्न हा त्यांचा थोरला. तोही रडला नव्हता. जीभ सदा ओठांबाहेर, बेंबी फुगलेली, कातडी कोरडी. मान धरायला वर्ष लागलं, पाय टाकायला चार. आईला 'आई' म्हणाला तेव्हा त्याच्या वयाची पोरं पाटीवर अक्षरं काढत होती. पुढे उंची बारा वर्षांच्या पोराएवढी झाली आणि तिथंच थांबली. आवाज मात्र म्हाताऱ्यासारखा जड. बोलायला मोजके शब्द: आई, भात, गार, ये, हार.

लहानपणी तो ओट्यावर बसला की गल्लीतली पोरं 'पगला, पगला' म्हणत आणि खडे मारत. खडा लागला तरी प्रसन्न रडायचा नाही, लागलेल्या जागेकडे नुसता बघत राहायचा. गीताकाकू आतून खड्याचा आवाज ऐकायच्या आणि हातातलं टाकून धावायच्या. खडा दगडी ओट्यावर पडतो तेव्हा टक् असा आवाज होतो, आणि माणसाच्या अंगावर पडतो तेव्हा आवाज होत नाही. त्यामुळे टक् ऐकू आलं की त्यांना त्यातल्या त्यात बरं वाटायचं. आईच्या वाट्याला काय काय समाधानं येतात बघा.

मग एके दिवशी गंगेपलीकडच्या रामनगरचे मोहन सेठ घाटाकडे जाताना ओट्याशी थांबले. लग्नाला वर्षं लोटली होती, मूल नव्हतं. त्यांना या मुलाच्या डोळ्यांत काय दिसलं कोण जाणे. त्यांनी पायांवर डोकं ठेवलं, प्रसन्नानं वडिलांनी शिकवल्याप्रमाणे आशीर्वादाचा हात वर केला, आणि वर्षाच्या आत सेठच्या घरी पाळणा हलला. झालं! आमच्या काशीत देव व्हायला एवढं पुष्कळ आहे. दर गुरुवारी हार, पेढे, रांगेत माणसं. पगल्याचे 'मौनी महाराज' झाले आणि खडे थांबले.

गीताकाकूंना हे पटलं होतं का? खरं सांगायचं तर त्यांनी स्वतःला तसं कधी विचारलंच नाही. खडे थांबले होते. आपलं पोर देव असो की दगड, त्याला कुणी मारत नाही ना, मग पुढचं कशाला विचारायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ त्या इतकी वर्षं आवळून बसल्या होत्या, आणि आता त्याच घरात दुसरं बाळ रडत नव्हतं.

घरचे यजमान दिनानाथशास्त्री समोरच्या खोलीत विद्यार्थ्यांना वेद शिकवायचे. सकाळी दहा-पंधरा गळे एकदम सुटले की घाटावरची कबुतरं उडायची. अवनी शेजारच्याच खोलीत असायची. तिची पापणी हलायची नाही.

"बघितलंस?" शास्त्रीबुवा बायकोला म्हणाले. "शंख फुंकला तरी स्थिर. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात ते असे. मागल्या जन्मीचं काहीतरी राहिलेलं पुरं करायला आलेला जीव आहे हा. प्रसन्नासारखाच."

'प्रसन्नासारखाच' हा शब्द ते अभिमानानं म्हणाले. गीताकाकूंच्या कानाला तो विंचवासारखा डसला.

बाळंतपण झालं त्या छोट्या नर्सिंग होममध्ये नर्सनं टाचेतून रक्ताचा एक थेंब मागितला होता. तपासणी असते म्हणाली, सगळ्या बाळांची करून घेतलेली बरी. शास्त्रीबुवांनी हात जोडून नकार दिला. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला सुई लागायची नाही, घरची रीत आहे. नर्स म्हणाली, ठीक आहे, नंतर आणा. नंतर कुणी आणलं नाही. बारशानंतर बाळंतिणीचा सव्वा महिना, तोवर तिनं उंबरा ओलांडायचा नाही. रीतीमागे रीत उभीच होती, आणि त्या सगळ्यांच्या मागे ते बाळ झोपलेलं होतं.

सून मैत्रेयी ही गीताकाकूंच्या सख्ख्या भावाची मुलगी. काशीत आपली मराठी माणसं मूठभर, मग मामाची मुलगी करून घेण्यात गैर काय? गीताकाकू स्वतःही शास्त्रीबुवांच्या मामाचीच मुलगी होत्या. धाकट्या शरदसाठी त्यांनीच भावाकडे शब्द टाकला होता. शरद रेल्वेत, गोरखपूरला. महिन्यातून एकदा यायचा, लेकीला बघायचा, 'किती शांत आहे' म्हणायचा आणि परतायचा.

"आत्या," मैत्रेयीनं एका दुपारी विचारलं, "ही रडत का नाही? और आँखें अब तक पीली हैं. माझ्या मैत्रिणीच्या बाळाची कावीळ आठवड्यात उतरली होती."

"उन्हात धर थोडं कोवळ्या."

"धरते. शी पण चार-चार दिवस करत नाही."

"गुटी उगाळून देते मी. अगं, गुणाची आहे. तू झोप बघू."

मैत्रेयी झोपली नाही. गीताकाकू सहाणेवर हळकुंड उगाळत राहिल्या. आपण काय बोललो ते त्यांना कळलं होतं. आपल्या सासूनं त्यांना जे सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत, त्यांनी सुनेला सांगितलं होतं. उगाळता उगाळता त्यांचा हात थांबला. त्यांना भीती वाटली, अगदी स्पष्ट वाटली. पण भीतीला नाव दिलं की ती बाहेरच्या ओट्यापर्यंत जाणार होती. ही पोर आजारी असेल तर तोही आजारी. आणि तो आजारी असेल तर उद्यापासून पुन्हा पगला.

नवरात्र तोंडावर आलं. घटस्थापनेच्या आधीच्या गुरुवारी मोहन सेठ आले. महाराजांना हार घालून झाल्यावर शास्त्रीबुवांनी नातीला आणवलं. सेठनी तिचे पाय डोळ्यांना लावले आणि दचकून वर पाहिलं.

"पंडितजी, चरण तो एकदम ठंडे हैं! जैसे गंगाजल!"

मागच्या माणसांत कुजबुज पसरली. कुणी म्हणालं देवी, कुणी म्हणालं शीतला. सेठच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी जाहीरच करून टाकलं की अष्टमीला महाराजांच्या शेजारी कन्येचं आसन मांडायचं. लाल चुनरी, बांगड्या, सगळं ते रामनगरहून आणतील. शास्त्रीबुवांचा चेहरा उजळला. गीताकाकूंनी बाळ परत घेतलं तेव्हा तिच्या पायांना कुंकू लागलेलं होतं. कुंकवाखाली कातडी जाळीदार, निळसर दिसत होती.

त्या रात्रीचा स्वयंपाक त्यांनी कसा केला देव जाणे. पण खरी गोष्ट घडली ती दुसऱ्या दिवशी, आणि ती कुणा शहाण्यामुळे घडली नाही.

मैत्रेयी अंघोळीला गेली होती. अवनी सतरंजीवर पडलेली. प्रसन्न आत आला, तिच्याशेजारी बसला आणि त्यानं तिचा पाय मुठीत धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग गीताकाकूंकडे बघून तो जड आवाजात म्हणाला, "गार."

हा शब्द तो स्वतःपुरता वापरायचा. वैशाखातसुद्धा 'गार' म्हणून स्वेटर मागायचा. दुसऱ्या कुणाला तो गार म्हणालेला त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यानं स्वेटर काढला, उलटासुलटा करून बाळावर घातला आणि स्वतः कुडकुडत बसून राहिला. बाळाची जीभ ओठांबाहेर आलेली होती. त्याचीही. दोन्ही चेहरे एका उजेडात होते, आणि त्यांच्यात चाळीस वर्षांचं अंतर सोडलं तर दुसरं कुठलंच नव्हतं.

गीताकाकूंनी तोंडावर पदर दाबला. इतकी वर्षं जे मी बघत नव्हते, ते हे.

सव्वा महिना झाला तशी मैत्रेयीला न्हाऊ घातलं. बाळाला घेऊन देवदर्शनाला जातो, असं सांगून सासू-सून निघाल्या. मैदागिनला टोटोत, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षेत, बसल्यावर गीताकाकू चालकाला म्हणाल्या, "भेलूपुर चलो." मैत्रेयीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा हात धरला आणि पूर्ण वाट सोडला नाही.

बालरोगतज्ज्ञ डॉक्टर कस्तुरी मिश्र पन्नाशीच्या होत्या. त्यांनी बाळाचं डोकं चाचपलं, जीभ पाहिली, बेंबी पाहिली, पोट दाबलं. अवनीनं तक्रार केली नाही. डॉक्टरांचा चेहरा मात्र बदलत गेला.

"रोती है?"

"बहुत शांत है," गीताकाकू सवयीनं म्हणाल्या.

"शांत नहीं है माताजी, सुस्त है." डॉक्टरांनी रक्त काढायला सांगितलं. "गले में एक ग्रंथि होती है, थायरॉइड. उसका रस न बने, तो बच्चे का दिमाग बढ़ता ही नहीं. शरीर भी नहीं. जन्मते ही पता चल जाए तो रोज एक छोटी गोली, और बच्चा बाकी बच्चों जैसा. देर हो जाए तो..." त्या थांबल्या. "शादी रिश्तेदारी में हुई है?"

मैत्रेयीनं होकारार्थी मान हलवली. गीताकाकूंनी मनात हिशेब मांडला. त्यांचं लग्न, त्यांनीच जुळवलेलं हे लग्न; दोन्ही वेळा घरातलंच रक्त घरात.

"और कोई है घर में ऐसा?"

 मैत्रेयी फरशीकडे बघत होती. उत्तर तिलाही माहीत होतं, पण ते द्यायचा हक्क तिचा नव्हता.

"मेरा बेटा," गीताकाकू म्हणाल्या.

त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच, कुणाला तरी. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. प्रसन्नलाही आणा म्हणाल्या, गोळीनं त्याची थंडी कमी होईल, अंगातला जडपणा उतरेल.

"और दिमाग?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. त्या गोळ्यांची पट्टी त्यांनी दाखवायला म्हणून टेबलावर ठेवली होती. गोळी तांदळाच्या कणीहून थोडी मोठी असेल. एवढ्याशा गोळीपायी माझं पोर गेलं, असं गीताकाकूंच्या मनात आलं. त्यांना ओरडावंसं वाटलं. त्या घराच्या सवयीप्रमाणे त्याही ओरडल्या नाहीत.

अहवाल दुसऱ्या दिवशी आला, सप्तमीला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की आजच सुरू करा, एक दिवसही घालवू नका. किती वाचेल ते आता सांगता येणार नाही. उशीर झालाय, पण दार पुरतं बंद झालेलं नाही. मैत्रेयीनं चमच्यात गोळी चुरली, दुधाच्या थेंबात कालवली आणि बाळाच्या जिभेवर सोडली.  गीताकाकू उठल्या आणि शास्त्रीबुवांकडे गेल्या.

त्यांना वाटलं होतं, नवरा आकांडतांडव करील. शास्त्रीबुवांनी सगळं ऐकलं आणि उपरण्याच्या टोकानं डोळे पुसले.

"मला डोळे नाहीत असं वाटलं तुला?" ते म्हणाले. "मी बाप आहे त्याचा. पहिल्या वर्षीच कळलं होतं मला, काहीतरी चुकलंय. पण वैद्य झाले, डॉक्टर झाले, कुणी काही सांगेना. मग मोहन सेठ आले. माझा मुलगा पगला म्हणून जगण्यापेक्षा महाराज म्हणून जगलेला काय वाईट?"

 मूठ आपण एकट्याच आवळून बसलोय असं गीताकाकूंना इतकी वर्षं वाटत होतं.

"गोळी दे," शास्त्रीबुवा म्हणाले. "रोज दे. पण घरातल्या घरात. उद्या ती ओट्यावर बसेल. ही आजारी म्हणून कळलं की लोक त्याच्याकडे बोट दाखवतील. आपण दोघं आहोत तोवर ठीक. पण आपल्यामागे त्याला दगड मारायला गल्ली मोकळी होईल, गीता."

बोलणं चुकीचं नव्हतं. हाच तर त्यातला फास होता. गीताकाकू रात्रभर त्याच्याशी झुंजल्या. गोळी मिळेल, देवपणही राहील. कुणाचं काय जातंय? पण देवीला गोळी कोण देतं? आज चोरून देऊ, एखाद्या गुरुवारी गर्दीत राहून जाईल. सेठ म्हणतील, औषध कसलं, देवीचा कोप होईल. आणि गोळी लागू पडली, पोर हातपाय झाडायला लागली, भोकाड पसरायला लागली, की ज्यांना गार पायांची मुकी देवी हवी आहे ते म्हणतील, तेज गेलं. मग घरातलंच कुणीतरी एके दिवशी चमचा बाजूला ठेवील. कदाचित मीच ठेवीन, असं त्यांच्या मनात आलं. त्याची त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली.

अष्टमीला गल्ली भरली. ओट्यावर दोन आसनं. एकावर प्रसन्न, गळ्यात झेंडूचे हार. दुसऱ्यावर लाल वस्त्र. मोहन सेठ चुनरी हातावर घेऊन उभे होते. शास्त्रीबुवांनी आत हाक दिली.

गीताकाकू बाहेर आल्या, रिकाम्या हातांनी.

"कन्या कहाँ है, माताजी?"

"वो नहीं आएगी, सेठजी. देवी नहीं है. बच्ची है. बीमार है, दवा चल रही है."

सेठ गोंधळले. "ऐसा न कहिए. पैर ठंडे थे, हमने खुद छुए. जैसे हमारे महाराज के..." आणि ते बोलता बोलता थांबले. त्यांनी प्रसन्नकडे पाहिलं. मागच्या सगळ्यांनी पाहिलं.

इथं थांबता आलं असतं. शास्त्रीबुवा दारातून डोळ्यांनी विनवत होते. नातीला वाचवायला एवढं पुरेसं होतं. पण एकच आजार आत आजार आणि बाहेर चमत्कार राहिला असता, तर सेठनी आज नाही तर उद्या आतलं बाळ ओट्यावर मागितलंच असतं.

"वो भी," गीताकाकू म्हणाल्या.

कुणी ओरडलं नाही. चुनरीची घडी घालून सेठनी ती पिशवीत ठेवली. म्हातारे झाले होते ते. आसनापर्यंत गेले, वाकायचं की नाही ते त्यांना ठरवता येईना, आणि तसेच पायऱ्या उतरून गेले. प्रसन्नानं पाठमोऱ्या सेठकडे हात वर केला, शिकवल्याप्रमाणे.

दसरा झाला. पहिल्या गुरुवारी दोन-चार बायका आल्या, लांबूनच हात जोडून गेल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी कुणी आलं नाही. प्रसन्नला गुरुवार कळायचा, कारण त्या दिवशी धुतलेलं धोतर मिळायचं. ते नेसून, वर स्वेटर घालून तो ओट्यावर बसला. शेजारी फुलांचं रिकामं तबक. शास्त्रीबुवा आत विद्यार्थ्यांना शिकवत होते. त्या दिवशी त्यांचा स्वर दोनदा चुकला.

"हार?" प्रसन्नानं दारातल्या आईला विचारलं.

"आणते हं," गीताकाकू म्हणाल्या. फुलं आणलेलीच नव्हती.

त्या आत वळल्या, तेवढ्यात मागच्या खोलीतून एक आवाज आला. आधी त्यांना कळेना कशाचा. घोगरा नव्हता, कण्हणं नव्हतं. टिपेला जाऊन फुटणारा, संतापलेला, घर दणाणून सोडणारा. अवनी रडत होती. समोरच्या खोलीतलं वेदपठण थांबलं. "आत्या!" मैत्रेयी आतून ओरडली, ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. "आत्या, ऐका! लवकर या!"

गीताकाकू धावल्या. माजघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचल्या आणि पाठीमागून त्यांना टक् असं ऐकू आलं.

त्यांनी वळून पाहिलं. प्रसन्नानं ओट्यावर पडलेला खडा उचलला होता. त्यानं तो कपाळाला लावला, हळूच तबकात ठेवला आणि गल्लीच्या दिशेनं, जिथून तो आला होता तिकडे, आशीर्वादाचा हात वर केला. दुसऱ्या खड्याचा आवाज झाला नाही. प्रसन्न आपल्या खांद्याकडे बघत राहिला.

आत अवनीचा सूर आणखी चढला. गीताकाकू क्षणभर दोन्ही दारांच्या मध्ये उभ्या राहिल्या. आत रडणाऱ्या पोरीला घ्यायला तिची आई होती. रडणाऱ्याला कुणीतरी उचलतंच. बाहेरचा कधी रडलाच नव्हता. त्या ओट्यावर आल्या आणि प्रसन्नच्या पुढ्यात, गल्लीकडे तोंड करून बसल्या.